आडव्या बाटलीचा हिशेब

(स्मृती व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वकील होते. तालुक्याच्या कोर्टात त्यांच्याकडे येणाऱ्या अशिलांपैकी बरेचजण दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली धरून आणलेले असत, असे संयोजकांनी मला सांगितले. त्यामुळे विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही.

आधीच सांगून टाकतो, दारू पिणे चांगले की वाईट यावर मी बोलणार नाही. त्यासाठी कीर्तनकार आहेत, डॉक्टर आहेत, आणि प्रत्येक घरात एक तरी मावशी आहेच. माझा विषय त्या मानाने कोरडा आहे. दारूचे दुकान कुठे असावे हे कोणी ठरवायचे? आणि शेजारपाजारच्यांना ते नको असेल, तर किती जणांनी नको म्हटले म्हणजे सरकार ते ‘नको’ मान्य करते? महाराष्ट्रात या दुसऱ्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर आहे. तो आकडा कसा मोजतात, यावर आजचा बहुतेक वेळ घेणार आहे.

सुरुवात कायद्यापासून करू. आपल्या राज्यात दारूची प्रत्येक बाटली ज्या कायद्याखाली विकली जाते, त्याचे नाव दारूबंदी अधिनियम असे आहे. 1949 साली मुंबई राज्यात तो झाला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. 16 जून 1949 पासून तो लागू झाला आणि 6 एप्रिल 1950 पासून सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. पुढे ती बंदी सैल झाली, जवळजवळ उठली, पण कायदा मात्र तोच राहिला. त्याची रचना आजही तशीच आहे: दारू बनवणे, बाळगणे, विकणे, पिणे या सगळ्याला मुळात मनाई, आणि मग परवान्याने सूट. वाइन शॉपवाल्याला सूट, परमिट रूमवाल्याला सूट, आणि पिणाऱ्यालाही सूट. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे, पण महाराष्ट्रात पिणाऱ्याजवळसुद्धा परवाना असावा लागतो. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना. वर्षाचा शंभर, तहहयात हजार. (श्रोत्यांत हशा.) हसू नका, नियम आहे. पंचवीस वर्षांखालच्याला विदेशी मद्याचा परवाना मिळत नाही, बिअरसाठी एकवीस. हॉटेलातला वेटर तुमच्याकडे परवाना मागत नाही, कारण तो तुमच्या नावाने काउंटरवरच फाडला गेलेला असतो, किंवा फाडला गेला असे वहीत लिहिलेले असते.

या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात पहिले मोठे आव्हान दिले ते एफ. एन. बलसारा यांनी, 1951 साली. आपल्याजवळची व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि त्याबरोबर ओ द कोलोन, लॅव्हेंडर वॉटर बाळगायला व वापरायला मोकळीक मिळावी, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला. औषधे आणि प्रसाधने यांच्यातल्या अल्कोहोलला लावलेली बंदी मात्र गैर ठरवली. म्हणजे सुगंध वाचला, व्हिस्की गेली. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली की दारूच्या बाबतीत राज्याचा हात फार लांब पोचतो. 1995 च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले: मद्याच्या व्यापाराचा मूलभूत हक्क कोणालाच नाही. राज्य तो बंद करू शकते, स्वतःच्या हाती घेऊ शकते किंवा परवाने देऊन चालवू शकते. हे वाक्य लक्षात ठेवा. दुकान बंद करण्याची गोष्ट निघाली की दुकानदाराचे वकील धंद्याचा हक्क पुढे करतात, तेव्हा ते उपयोगी पडेल.

आता थोडे मागे जाऊ. दुकान कुठे असावे हे गावाने कधी ठरवले होते का?

इंग्रज यायच्या आधी कोकणात, ठाण्यात, डांगात ताडी-माडी आणि मोहाची दारू घरोघर होत असे. कर होता, पण तो ढिला होता. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने चित्र बदलले. घरातल्या भट्ट्या गुन्हा ठरल्या, दारू गाळण्याचे काम मोठ्या भट्ट्यांकडे गेले, विक्रीचे हक्क ठेकेदारांकडे गेले. ताडाच्या झाडावर झाडामागे कर बसला. 1892 मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचाच कायदा झाला. वर्षातल्या ठरावीक काळात जवळ मोहाची फुले सापडणे हाच अपराध. जंगलात गळून पडलेले फूल, ते गोळा करणारी बाई आणि मध्ये सरकारी तिजोरी! त्या फुलांवरचे निर्बंध सैल व्हायला 2021 साल उजाडले.

या व्यवस्थेत गावाच्या वेशीवर जे दुकान आले ते वरून आले. ठेकेदाराने बोली लावली, सरकारने घेतली, दुकान उघडले. हरकत कोणी घेतली नाही असे नाही. 1880 मध्ये जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढत होती आणि फुल्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून त्याला विरोध केला. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो नीतीपाशी थांबत नाही, पालिकेच्या कामाला हात घालतो: शहराच्या आरोग्यासाठी पालिका खर्च करते, आणि त्याच शहराचे आरोग्य नासवणारी दुकाने उघडली जातात, तेव्हा त्या दुकानांवर पालिकेने कर का बसवू नये? दुकानाचा पैसा सरकारच्या तिजोरीत आणि दुकानाचा उपद्रव शहराच्या अंगावर, ही तक्रार आज एखाद्या नगरसेविकेने सभागृहात केली तर शब्दही बदलावे लागणार नाहीत. पुढे 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधने झाली, टिळकांनी त्यांना पाठिंबा दिला. स्वयंसेवक गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवत. सरकारने ती चळवळ मोडली.

मात्र खरी गंमत 1922 ची आहे. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत एका देवीचा संचार सुरू झाला आणि तो डोंगरांतून सुरत, नाशिकपर्यंत पसरला. अंगात आलेली देवी सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज आंघोळ करा. आदिवासींनी ऐकले. दारूचे ठेके ज्यांच्याकडे होते त्या ठेकेदारांचा धंदा बसला. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर आख्खे पुस्तक लिहिले आहे. सांगायचे एवढेच की ज्यांना दुकान उघडण्याआधी कोणी विचारले नव्हते, त्यांनी ते बंद पाडायचा एक मार्ग स्वतः शोधला, आणि त्यासाठी त्यांना जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागली नाही.

1949 नंतर पुढे काय झाले ते पटकन सांगतो. बंदीने हातभट्टी वाढली. 1960 च्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने परवाने सैल केले, 1973 मध्ये देशी दारूचे नियम आले, आणि ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही पाटी गावोगाव लागली. संविधानाच्या कलम 47 मध्ये राज्याने मद्यबंदीसाठी प्रयत्न करावा असे लिहिलेले आहे, आणि राज्याच्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्काची ओळ दरवर्षी मोठी होत जाते. जीएसटी आल्यापासून तर राज्याच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे कर थोडेच उरले. पेट्रोल आणि दारू त्यांतले मुख्य. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पटींवर नेले आणि वर्षाला चौदा हजार कोटी जास्तीचे येतील असे सांगितले. एवढ्या रकमेपुढे कलम 47 ने काय करावे?

त्यातच एक चमत्कारिक गोष्ट घडली. वाइन शॉप आणि देशी दारूची दुकाने यांचे नवे परवाने देणे सरकारने 1970 च्या दशकात थांबवले आणि ते धोरण पन्नासएक वर्षे टिकले. ऐकायला हे संयमाचे वाटते. प्रत्यक्षात परवान्यांची संख्या गोठली, लोकसंख्या वाढली, आणि प्रत्येक जुना परवाना सोन्याचा झाला. एफएल-2 किंवा सीएल-3 असे दोन अक्षरांचे आणि एका आकड्याचे नाव असलेला तो कागद आज कोटींच्या भाषेत हात बदलतो. तो एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर नेता येतो. गावातले दुकान मोडले तरी परवाना मोडत नाही. तो शेजारच्या गावात, नाही तर शहरातल्या नव्या वस्तीत जाऊन बसतो. दुकान बंद झाल्याच्या बातमीनंतर महिन्याभरात दुसरीकडे ‘नवीन दुकान नको’ म्हणून मोर्चा निघाला असे वाचले, की तो परवाना कुठून आला असेल ते शोधून पाहा.

आता बाटलीकडे येतो.

1980 आणि 90 च्या दशकांत दारूविरोधात बायका उठल्या, आणि त्या राज्याच्या अनेक भागांत उठल्या. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या कामाबरोबर आदिवासी गावांनी ठराव केले आणि 1993 पासून तो जिल्हा दारूबंदीचा झाला. वर्ध्यात गांधी-विनोबांमुळे त्याआधीच बंदी होती. राळेगणसिद्धीत अण्णा हजाऱ्यांनी भट्ट्या बंद केल्या होत्या. पण जिल्हाभर बंदी हा एक प्रश्न आणि माझ्या घरासमोरचे दुकान हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून सरकारने 2008 मध्ये एक आदेश काढला. गावातल्या किंवा शहराच्या वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यायचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे. आडवी बाटली म्हणजे बंद करा.

कल्पना विलक्षण आहे. निवडणूक आयोगाच्या चिन्हांच्या यादीत इतके स्पष्ट चिन्ह दुसरे नसेल. अक्षर न येणाऱ्या बाईलाही समजते. आणि ती एका प्रश्नापुरतीच निवडणूक आहे, जिथे मत देणारीला निकालाचा परिणाम रोज संध्याकाळी दारात दिसणार असतो. या देशात प्रातिनिधिक लोकशाही भरपूर आहे, पण एखाद्या परवान्यावर थेट नागरिकाचे मत घेण्याची पद्धत फार थोड्या ठिकाणी आहे. यासाठी ज्याने हा आदेश लिहिला त्याला मी मनापासून नमस्कार करतो.

पण त्याच आदेशात पुढचे वाक्य असे आहे: दुकान बंद करायला एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला हवीत. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक नव्हे, यादीत नाव असलेल्या सगळ्यांच्या.

हा फरक फळ्यावर मांडून दाखवतो. समजा एका वॉर्डात 4000 महिला मतदार आहेत. दुकान बंद करायला 2001 मते हवीत. मतदानाला 2000 बायका आल्या आणि सगळ्याच्या सगळ्या 2000 जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान उभे राहते. एकही मत विरुद्ध नाही, आणि तरी हार! 2400 आल्या, म्हणजे 60 टक्के मतदान झाले, तर त्यांच्यातल्या 83 टक्के बायकांनी एकमुखाने बंद म्हणावे लागते. गेल्या विधानसभा निवडणुकीत, 2024 मध्ये, राज्यात सुमारे 66 टक्के मतदान झाले. हीच अट आमदाराला लावली असती तर त्याला पडलेल्या मतांच्या तीन चतुर्थांशाहून जास्त मते मिळवावी लागली असती. विधानभवनातली किती बाके भरली असती, ते मी तुमच्यावर सोडतो.

जी मतदानाला आली नाही, ती या पद्धतीत दुकानाच्या बाजूने मोजली जाते. ती कोण असते? लग्न होऊन सासरी गेलेली, पण माहेरच्या यादीत नाव तसेच राहिलेली मुलगी. दोन वर्षांपूर्वी वारलेली आजी. पुण्यात किंवा मुंबईत कामाला गेलेली. मराठवाड्यातल्या गावात दिवाळीनंतर मतदान लावले, तर नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे गेलेली ऊसतोड मजूर बाई. तिचा नवरा दारूवर काय उडवतो हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. या सगळ्या मिळून दुकानदाराचा एक मोठा, मुका, बिनपैशाचा मतदारसंघ होतो. दुकानदाराला मते मागावी लागत नाहीत. त्याला फक्त बायका घरी राहतील एवढे पाहावे लागते. मतदानाच्या दिवशी गावात अचानक कुठल्या तरी देवस्थानाची मोफत गाडी निघते, हे तुम्हीही कुठे ना कुठे ऐकले असेल.

मतदानाच्या आधीची पायरीही सोपी नाही. 25 टक्के सह्या गोळा केल्यावर उत्पादन शुल्क खात्याकडून त्यांची पडताळणी होते. सही केलेल्या बाईला ओळखपत्र घेऊन अधिकाऱ्यापुढे यावे लागते आणि ‘ही माझीच सही’ असे सांगावे लागते. मजुरी बुडवून. दुकानाच्या मालकाच्या माणसांसमोरून. पहिल्या तारखेला साहेब आले नाहीत तर दुसऱ्या तारखेला पुन्हा. कागदावर ही प्रक्रिया निर्दोष आहे, प्रत्येक पायरीला कारण आहे. खोट्या सह्या होऊ शकतात, हे खरेच. पण सगळ्या पायऱ्या एकापुढे एक लावल्या की दिसते ते असे: दुकान सुरू राहायला दरवर्षी परवान्याचे शुल्क भरले की पुरते, आणि ते बंद करायला अर्ध्या गावाला दोनदा रांगेत उभे राहावे लागते.

मार्च 2025 मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत दोन गोष्टी जाहीर केल्या. गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात बिअर किंवा दारूचे नवे दुकान काढायचे असेल तर सोसायटीचे ना हरकत पत्र लागेल. आणि महापालिकेच्या वॉर्डात झालेल्या मतदानापैकी 75 टक्के मते बंदच्या बाजूने पडली तर दुकान बंद होईल. पहिली गोष्ट बरी आहे, पिंपरी-चिंचवडपासून पनवेलपर्यंत सोसायट्यांत तिची गरज होतीच. दुसरीचे वृत्तपत्रांनी स्वागत केले. मी पुन्हा फळा घेतो.

तोच वॉर्ड, 4000 महिला. 2400 जणींनी मतदान केले तर 75 टक्के म्हणजे 1800. जुन्या हिशेबाने 2001 लागत होत्या, म्हणजे सोपे झाले. पण 3200 आल्या तर? 75 टक्के म्हणजे 2400, आणि जुन्या हिशेबाने 2001 च पुरल्या असत्या. म्हणजे अवघड झाले. दोन्ही हिशेब जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू दोन तृतीयांश मतदानाचा आहे. त्याच्या खाली नवा निकष हलका, वर जुना हलका. गाव जितके जागे होईल आणि जितक्या जास्त बायका येतील, तितका नवा निकष जड होत जातो. लोकशाहीत मतदान वाढावे अशी आपली इच्छा असते, आणि इथे मतदान वाढले की आडव्या बाटलीचे ओझे वाढते. असे का, याचे उत्तर मला कुठल्याही भाषणात सापडलेले नाही. तीन चतुर्थांश हे प्रमाण तर आपण संविधान बदलतानाही मागत नाही. तिथे उपस्थितांच्या दोन तृतीयांशांवर आणि एकूण सदस्यसंख्येच्या बहुमतावर भागते. देशाचे संविधान एका बाजूला आणि नाक्यावरचे दुकान दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिले, तर आपल्याकडे जास्त सुरक्षित काय आहे ते कळते.

माझ्याविरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकलेले आहे, आणि त्यातले काही वजनदार आहे. दुकान बंद झाले की हातभट्टी येते, हे पहिले. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्याआधी 2004 मध्ये विक्रोळीतही असेच झाले. दोन्ही घटना मुंबईतल्या आणि दोन्हीकडे सरकारमान्य दुकाने जवळपास होतीच. माणसे तिथे गेली नाहीत, कारण मिथेनॉल मिसळलेली दारू स्वस्त होती. तेव्हा दुकान असले म्हणजे विष येत नाही, हे म्हणणे काही पूर्ण खरे नाही. चंद्रपूरचे उदाहरण मात्र गंभीर आहे. 2015 मध्ये तिथे जिल्हाबंदी झाली, आंदोलनातून झाली, आणि 2021 मध्ये अवैध विक्री वाढल्याचे कारण देऊन मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदीच्या बाजूने लढलेल्यांना तो निर्णय मान्य नव्हता, आणि बंदीची अंमलबजावणी ज्यांच्याकडे होती त्यांनी ती किती मनापासून केली हा प्रश्न उरतोच. पण मला हे उदाहरण एका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते. बंदी आणताना जिल्ह्याला विचारले गेले असे फार तर म्हणता येईल, ती उठवताना नक्कीच विचारले गेले नाही. माझा मुद्दा जिल्हाबंदीचा नाहीच. एका दुकानाबद्दल एका वॉर्डाचे मत घेणे म्हणजे जिल्ह्याला कोरडे करणे नव्हे. ज्याला दारू प्यायची त्याने दोन किलोमीटर चालत जाऊन प्यावी. त्याच्या हक्कावर घाला पडत नाही, फार तर पायांवर पडतो.

दुसरा आक्षेप असा की गरिबांचे देशी दुकान तेवढे बंद होते आणि पैसेवाल्यांची परमिट रूम चालू राहते. हा आक्षेप खरा आहे. देशीच्या दुकानापुढे मोर्चा निघतो, क्लबपुढे निघत नाही. 2022 च्या जानेवारीत सरकारने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले. तेव्हा ती दारू नव्हेच, शेतकऱ्याच्या द्राक्षांचा रस आहे, असे ऐकवण्यात आले. (त्याच महिन्यात दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि किल्ल्यांची नावे देऊ नयेत असाही निर्णय झाला. पाटीवर कोणाचे नाव असावे याची काळजी आपण घेतली, दुकान कुठे असावे याची घ्यायची राहिली.) अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अमलात आला नाही. पण त्या चर्चेत एक गोष्ट दिसली. जिथे वरच्या वर्गाचा प्रश्न असतो तिथे विक्री म्हणजे सोय, जिथे खालच्या वर्गाचा असतो तिथे विक्री म्हणजे सामाजिक रोग. या दुटप्पीपणावर उपाय आहे. मतदानाचा नियम प्रत्येक परवान्याला सारखा लावा, मग दुकान सीएल-3 असो, एफएल-2 असो की बिअर शॉपी.

तिसरा आक्षेप पुरुषांचा आहे, तो हळू आवाजात केला जातो: मत फक्त बायकांचेच का? याला उत्तर द्यायला मला अवघड वाटत नाही. पुरुषांचे मत रोज रात्री आठ वाजता दुकानावर नोंदवले जातेच.

न्यायालयांनी हा प्रश्न वेगळ्याच दिशेने हाताळला, तोही सांगायला हवा. 15 डिसेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकाने 1 एप्रिल 2017 पासून बंद करा असे सांगितले. अपघात रोखणे हा हेतू. मार्चच्या शेवटच्या दिवशी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ते अंतर 220 मीटर केले. जुलैमध्ये महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीला हा आदेश लागू नाही असा खुलासा केला. मधल्या काळात काय झाले? काही ठिकाणी महामार्ग हा महामार्ग नाही असे कागदोपत्री ठरवले गेले. केरळात एर्नाकुलमजवळ एका बारमालकाने रस्त्यापासून बारपर्यंत नागमोडी कुंपणाची वाट बांधली, म्हणजे चालायचे अंतर 500 मीटरच्या पुढे जावे. मीटरचा नियम हा असा असतो. तो जमिनीला लागू होतो, तिथे राहणाऱ्यांना त्यात बोलायला जागा नसते, आणि जमीन कशीही वळवता येते. मला त्यापेक्षा बाटलीचे चित्र असलेली मतपत्रिका बरी वाटते, तिच्यातला भाजक एवढा दुरुस्त केला तर.

कसा दुरुस्त करावा? मला जे सुचते ते सांगतो, वकील मंडळी त्यात खोट काढतीलच. झालेल्या मतदानाचे साधे बहुमत पुरे धरावे. अगदी थोड्या बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडले असे होऊ नये म्हणून किमान मतदानाची एक अट असावी, समजा तीस टक्क्यांची. 25 टक्के सह्या झाल्यापासून मतदान किती दिवसांत घ्यायचे, ते आदेशातच लिहावे. ऊसतोडीच्या हंगामात मतदान लावू नये. एखाद्या दुकानाला एका वॉर्डाने नाकारले तर त्याचा परवाना दुसरीकडे नेताना तिथल्या लोकांचेही मत घ्यावे, नाही तर आपण उपद्रव बंद केला असे म्हणणे खोटे आहे, आपण तो फक्त बदलीवर पाठवला. आणि परवान्याचे वर्ष 31 मार्चला संपते, तेव्हा ते वर्षानुवर्षे आपोआप पुढे का सरकावे? दर पाच वर्षांनी एकदा नूतनीकरणाच्या वेळी परिसराचे म्हणणे घ्यायला काय हरकत आहे?

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन बंद करण्याचा, नियंत्रित करण्याचा अधिकार दिलेला आहे. राज्याने त्याचे नियम 2014 मध्ये केले. म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या ग्रामसभेच्या हाती कायद्याने जे आहे, ते पुण्याच्या वॉर्डसभेच्या हाती नाही. आणि जव्हार-मोखाडा हा 1922 मध्ये जिथे देवी संचारली तोच पट्टा. तिथल्या गावांनी हा अधिकार कसा वापरला, कुठे तो कागदावरच राहिला, ठेकेदार त्याला कशी बगल देतात, याचा नीट अभ्यास कोणी तरुण संशोधकाने करावा असे मला वाटते. शहरांना तिथून शिकता येईल.

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा. 2008 चा तो नियम विधिमंडळाने केलेला कायदा नाही, शासनाचा आदेश आहे. तो बदलायला विधेयक लागत नाही, दोन्ही सभागृहांत चर्चा लागत नाही, राज्यपालांची सही लागत नाही. मंत्रालयातल्या एका खात्याने ‘एकूण मतदारांच्या’ हे शब्द खोडून ‘झालेल्या मतदानाच्या’ असे लिहिले, आणि 75 चा आकडा मध्ये आणला नाही, की काम होते. आपल्या तालुक्याचे आमदार सभागृहात बसलेले आहेत असे मला सांगण्यात आले आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी माईक आधी त्यांच्याकडे द्यावा, अशी संयोजकांना विनंती करतो.